उलटी अक्षरं

देगूच्या या इस्पितळात बावीस वर्षं झाली मला,
पोटं उघडताना बघतेय.
आधी वीतभर चीर असायची, मग पाच भोकं आली,
आणि आता कोपऱ्यात प्लास्टिकच्या झग्यात
तो चार हातांचा उभा असतो,
परक्या लग्नातल्या पाहुण्यासारखा,
कुणी हाक मारेपर्यंत हलत नाही.

प्यो ग्वांग-रे, वय सदुसष्ट. धंदा: शिक्के कोरणे.
जठराच्या खालच्या टोकाला गाठ, वेळेत सापडलेली.
शिक्के कुणाला लागतात आता, म्हणाले,
बँकेतसुद्धा बोट टेकवलं की भागतं.
तरी नखांत दगडाची भुकटी होतीच.

डॉक्टर सोकनी कागदावर पोट काढून दाखवलं.
दोन्हीत भोकं तेवढीच,
जठर तेवढंच जाणार,
भोवतीच्या ग्रंथी तशाच वेचायच्या.
यंत्रानं रक्त जरा कमी जातं, चार चमचे म्हणा.
वेळ मात्र जास्त, तासभर तरी.
आणि पाच वर्षांनी कोण असतं, कोण नसतं,
त्यात मला अजून तरी फरक दिसलेला नाही.

पैसे? मुलीनं विचारलं.
एक कोटी.
वोन असले म्हणून काय, कोटी ते कोटीच,
आणि सरकारी विमा इथे हात आखडता घेतो.
यंत्रच, उन-सोल म्हणाली, मी कर्ज काढते.

म्हातारा माझ्याकडे वळला.
सिस्टर, तुम्ही दोन्ही वेळेला तिथे असता. तुम्ही सांगा.

मला आकडे येत नाहीत.
लांब सळयांनी करायचं असतं तेव्हा
डॉक्टर माझ्या शेजारी उभ्या असतात,
त्यांचं कोपर माझ्या बरगडीला लागतं,
तिसऱ्या तासाला मान मोडतात, कट्ट.
यंत्र असलं की त्या पलीकडे भिंतीपाशी,
बूट काढून, पेटीत डोकं खुपसून बसतात,
आवाज येतो स्पीकरमधून: ओढा. धरा. थांबा.
टेबलाजवळ मी,
आणि ते हात, न थरथरणारे,
मनगट असं फिरवणारे की माणसाचं मोडेल.
पण त्यांना लागत नाही काही.
शीर ताणली गेली तर डोळ्यांनीच ओळखायची.
सळईतून ते थोडं हाताला कळतं.
फार नाही. थोडं.

आणि सळई?
सळईचं सगळं उलटं, मी म्हटलं,
हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे,
वर उचलला की खाली.
शिकण्यात वर्षं जातात.

तेव्हा ते पहिल्यांदा हसले.
माझ्या फाइलच्या पाठीवर पेन्सिलीनं माझं नाव लिहिलं,
नो दल-ले,
आरशातलं, एका दमात.
पन्नास वर्षं हेच करतोय, म्हणाले,
उलटं कोरणाऱ्यावर माझा भरवसा आहे.

हे काही कारण नव्हे, डॉक्टर म्हणाल्या,
पण संमतीचा कागद पुढे सरकवला.
त्यांनी सही केली नाही.
खिशातून शिक्का काढला, त्यावर हाः केलं,
आणि लाल ठसा उमटवला, किंचित तिरका.
भुकटी मी सकाळी ब्रशनं काढली, दहाही बोटांची.

चौथ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये
सलाइनचे खांब ढकलत दोघं चालत होते,
ते, आणि शेजारच्या खाटेवरची ओक चुन-हवा,
मंडईत टोफू विकणारी, यंत्राच्या हातची.
सदरे वर करून भोकं मोजली. पाच आणि पाच.
भोकामागे वीस लाख पडले मला, ती म्हणाली,
आणि हसताना टाके धरून उभी राहिली.
त्यांना त्या दिवशी ताप होता. तिला नव्हता.
त्यावरून काही ठरत नाही, हे मला कळतं.
तरी रात्री दोनदा जाऊन कपाळ पाहून आले.

ताप उतरला, मग पेज आली, अर्धी वाटी.
एक घास तीस वेळा चावायचा, मी सांगितलं.
पेज कसली चावायची, ते म्हणाले,
आणि चावू लागले,
बोटांवर मोजत.